बोर्नचे सोळा सिलिंडरांचे इंजिन

पीटरबरोहून निघालेली बस लिंकनशायरच्या सपाट शेतांतून बोर्नकडे जाऊ लागते, तेव्हा दलदल उपसून लागवडीस आणलेल्या त्या विस्तीर्ण भूमीकडे पाहून, यंत्रविद्येतील एका उद्दाम महत्त्वाकांक्षेचे जन्मस्थान याच वाटेवर असेल, अशी शंकाही मनास शिवत नाही. आगगाडीने उतारू येथे येणे १९५९ साली थांबले. बाल्डॉक्स मिल या जुन्या पाणचक्कीच्या इमारतीत गावाचे वस्तुसंग्रहालय असून, त्यातील एक दालन रेमंड मेज यांच्या स्मृतीस वाहिलेले आहे.

मेज याच गावचे. ईस्टगेट हाऊस हे त्यांचे राहते घर. महायुद्ध संपताच, देशातील कारखानदारांनी पैसा, सामग्री आणि कौशल्य एकवटून ब्रिटनच्या नावाने शर्यतीची एक मोटार सिद्ध करावी, अशी तजवीज त्यांनी मांडली, आणि तीतून बी. आर. एम. ही संस्था उभी राहिली. त्या काळच्या नियमांनी सुपरचार्जर लावलेल्या इंजिनास दीड लिटरची, तर न लावलेल्यास साडेचार लिटरची मर्यादा घातली होती. तेव्हा मेज यांचे सहकारी पीटर बर्थन यांनी त्या दीड लिटरचे सोळा वाटे करून, मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणारे इंजिन रचले. त्यास हवा कोंडून पुरविणारा दोन टप्प्यांचा सुपरचार्जर रोल्स-रॉइसचा, म्हणजे विमानांच्या इंजिनांवर सिद्ध झालेल्या विद्येचा. अशा केंद्रोत्सारी यंत्राचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो; विमानाचे इंजिन दीर्घकाळ एकाच गतीने चालते म्हणून तेथे तो गुण ठरतो, परंतु प्रत्येक वळणावर मंदावून पुन्हा उसळणाऱ्या मोटारीत शक्ती आधी रुसते आणि मग एकाएकी उफाळते, व मागची चाके जागीच गरगरू लागतात. माझ्या मते या इंजिनाचे दैव तेथेच लिहिले गेले.

बोर्नच्या उत्तरेस फोकिंगहॅमचा जुना विमानतळ आहे. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीकडे निघालेले अमेरिकन छत्रीधारी सैनिक ज्या धावपट्टीवरून उडाले, तीवरच १९४९ च्या डिसेंबरात ही मोटार जनतेपुढे आली. पुढच्या ऑगस्टात सिल्व्हरस्टोन येथे, रेमों सोमेर यांच्यासारखा कसलेला चालक असूनही, निशाण पडताच तिची प्रेषणव्यवस्था तुटली, आणि ज्या लोकांनी आशेने डोळे लावले होते, त्यांच्यातल्याच काहींनी तिच्यावर नाणी फेकली. त्याच सप्टेंबरात गुडवुडच्या पावसात रेज पार्नेल यांनी दोन शर्यती जिंकल्या, ही गोष्ट मात्र सांगणारे कमी. १९५१ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत पार्नेल पाचवे व पीटर वॉकर सातवे आले, तेही आतल्या असह्य उष्णतेने भाजून निघत. एवढा छळ सोसून गाडी अखेरपर्यंत नेणाऱ्या त्या दोघांविषयी मला अत्यंत आदर वाटतो.

१९५२ साली जागतिक अजिंक्यपद दोन लिटरच्या गाड्यांकडे गेले, आणि या इंजिनास त्या मैदानात जागाच उरली नाही; त्याच वर्षी संस्था उद्योगपती आल्फ्रेड ओवेन यांच्या समूहाकडे आली. बोर्नच्या कारखान्यास अजिंक्यपद मिळाले ते १९६२ साली, ग्रॅहम हिल यांच्या हातून. ते इंजिनही दीड लिटरचेच होते, परंतु त्यास सिलिंडर आठ होते आणि सुपरचार्जर नव्हता.