साडेबारा की पावणेनऊ?

शाळेत अलंकार शिकलो ते दोन मार्कांसाठी. उपमा, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती... ओळखा आणि पुढच्या प्रश्नाकडे चला. भाषा सजवायची असते, एवढंच डोक्यात बसलं. शब्दाने माणसाचं मत फिरवता येतं, जमीनसुद्धा घेता येते, हे कोणी सांगितलं नाही. ते शिकायचं असेल तर एखाद्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडावी, मोऱ्याला उतरावं आणि उरण तालुक्यातले बोर्ड आणि बॅनर वाचत फिरावं.

सुरुवात पत्त्यापासूनच. मोरा, नवी मुंबई. मोरा बंदर नवी मुंबईपेक्षा कितीतरी जुनं! जिल्हा रायगड. १९९२ साली झालेल्या नवी मुंबई महापालिकेची हद्द इथवर येतच नाही. पण १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलं. जिथे माणसं पिढ्यान् पिढ्या भात लावत होती, मिठागरात राबत होती, तिथे 'नवी' म्हटलं की आधीची पाटी कोरीच होती असं वाटायला लागतं. म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधीच अर्धा वाद जिंकलेला.

रोमन मंडळींना ही युक्ती ठाऊक होती. पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन हिचं उदाहरण देतो: धूर्त माणसाने स्वतःला शहाणा म्हणवून घ्यायचं, आततायीने शूर. ग्रीक नाव पॅराडायस्टोली. नाव विसरलात तरी चालेल, आपल्या ऑफिसात ती रोज भेटते. माणसांना 'रिसोर्स' म्हणायचं, बगला 'नोन इश्यू'.

असो. उरणकडे येऊ. सरकारी शब्द आहे 'भूसंपादन'. मराठीत आपण काय काय संपादन करतो? विद्या, यश, विश्वास. सगळं स्वतःच्या मेहनतीने मिळवलेलं, पुण्याईचं. त्याच क्रियापदात दुसऱ्याची जमीन घेणं बसवलं की कायद्याचा कागदही सोज्वळ दिसायला लागतो. आणि ज्याची जमीन जाते तो म्हणतो, "जमीन गेली." घेतली नाही, गेली. आजोबा गेले, तशी. कोणी नेली हे त्याच्याही वाक्यात नाही, बरं का.

पण दुसऱ्या बाजूनेही शब्द आले आणि तेही भारी आहेत. 'प्रकल्पग्रस्त' घ्या. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, त्याच रांगेत प्रकल्पग्रस्त. म्हणजे प्रकल्प ही एक आपत्ती! गंमत अशी की खुद्द सरकारही हाच शब्द वापरतं. विरोधकाचा शब्द समोरच्याच्या तोंडी बसवणं यापेक्षा मोठं वक्तृत्व कुठलं?

जासईचे दि. बा. पाटील वकील आणि शेकापचे नेते. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला पोलीस गोळीबारात पाच जण मेले. ते 'मृत' राहिले नाहीत, 'हुतात्मा' झाले. याच तालुक्यातल्या चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. एका शब्दाने जमिनीच्या मोबदल्याचं भांडण स्वातंत्र्यलढ्याच्या शेजारी जाऊन बसलं. माझ्या मते हा शब्द खरा आहे, पण तो शब्दच आहे हेही लक्षात ठेवलेलं बरं.

या लढ्यातून आलं ते 'साडेबारा टक्के'. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत. घोषणेला असा आकडा पाहिजे! 'साडेबारा' तोंडात बसतो, आणि पूर्ण आकडा नसल्याने हिशोब करून काढल्यासारखा वाटतो. पण त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. हातात उरतात पावणेनऊ. एकराला पाच गुंठ्यांऐवजी साडेतीन. योजनेचं नाव मात्र आजही साडेबारा टक्केच. पावणेनऊचा बॅनर मी तरी पाहिलेला नाही.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र 'गरजेपोटी'. कुटुंबं वाढली, गावठाण वाढलं नाही, लोकांनी घरं बांधली. फायलीत ती 'अनधिकृत बांधकामं'. गावकरी म्हणाले, 'गरजेपोटी बांधलेली घरं'. बांधकामाचं घर झालं, गुन्ह्याची गरज झाली. अनधिकृत म्हटलं की पुढचा प्रश्न येतो "कधी पाडणार?", गरजेपोटी म्हटलं की "नियमित कधी करणार?" आणि २०२२ च्या शासन निर्णयात हाच शब्द आला. अर्थात, शब्दाच्या आडोशाने भाड्याचे चार मजले चढवणारेही आहेत. छत्री मोठी असली की खाली कोणीही उभं राहतं.

आता नवा शब्द आलाय, 'तिसरी मुंबई'. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीए हे नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. नगराचं कागदावरचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर. हो, तेच चिरनेर. बोलताना मात्र सगळे तिसरी मुंबईच म्हणतात, त्यात एकाही गावाचं नाव येत नाही.