वस्तादांची पेटी आणि माझी चाळीस वर्षांची बुलेट

गेल्या महिन्यात उद्यमनगरातल्या एका जुन्या गॅरेजचं शटर कायमचं खाली आलं. वस्ताद जाऊन वर्ष झालं होतं. पोरगा दुसऱ्या धंद्यात, जागा भाड्याची. मी पोचलो तेव्हा दारात भंगारवाल्याचा काटा लागला होता. पोरगा म्हणाला, "दादा, लागंल ते उचला. उरलेलं आजच जाणार हाय."

मी एक लोखंडी पेटी उचलली. विटवर्थ पान्यांचा अख्खा सेट मात्र माझ्या आधीच काट्यावर चढून गेला होता. त्याची हळहळ अजून जात नाही.

ज्यांच्याकडे जुनी कास्ट आयर्न बुलेट नाही त्यांना वाटेल, पान्यांचं एवढं काय? तर या गाडीचे बरेच आटे इंची, इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यातून मद्रासला आलेले. विटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे दुकानात मिळणारा मिलिमीटरचा पाना त्या नटावर बसतो असं वाटतं, पण जरा ढिला राहतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल. माझ्या गाडीचे दोन नट एका चकचकीत नव्या गॅरेजमध्ये असेच गोल झाले. पोरगं चांगलं होतं, मेहनती होतं. त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. आणि सांगणार तरी कोण?

आता पेटीत काय आहे ते सांगतो. एक फिलर गेज, पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, पंधरा थाऊची पट्टी झिजून चकाकलेली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बुलेटच्या पॉइंटमधली फट १४ ते १६ थाऊ ठेवायची, म्हणून तीच पट्टी जास्त झिजली. मॅग्नेट काढायचा पुलर. टॅपेटसाठी घासून पातळ केलेले दोन पाने. आणि वस्तादांनी स्वतः केलेलं एक हत्यार: जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढून त्यात सायकलच्या आऱ्याची सळई बसवलेली. सळईवर कानशीनं मारलेल्या दोन रेघा.

त्या दोन रेघांतच सगळं आहे. पिस्टन अगदी वर येतो ती जागा म्हणजे टीडीसी. त्याच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, ऑटो अॅडव्हान्सचे काटे मिटलेले असताना. ०.८ मिलिमीटर! पॉइंट उशिरा उघडले तर इंजिन तापतं, पेट्रोल पितं. लवकर उघडले तर किक उलटी मारते. नडगीवर ती खाल्लेले लोक इथं वाचत असतील, त्यांना जास्त सांगायला नको. त्यात बुलेटच्या प्लगचं भोक तिरकं, म्हणून सळईवर नुसती पट्टी लावून मोजून चालत नाही. वस्तादांनी क्रँकला अंशांची चकती लावून त्या रेघा पक्क्या केल्या होत्या. दिवाबत्तीचं म्हणाल तर नाही. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, हळूहळू इंजिन फिरवायचं, कागद सुटला की तोच क्षण. खात्रीला हेडलाइटजवळच्या अॅमीटरचा काटा बघायचा, पॉइंट उघडले की तो शून्यावर येतो.

टॅपेटला तर फिलर गेजसुद्धा नाही. इंजिन गार, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर, आणि पुशरॉड दोन बोटांनी फिरवून बघायचा. गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मला हे जमायला तीन पावसाळे गेले. वस्ताद बाजूला बसून चहा पीत आणि म्हणत, "परत सोड. बोटाला कळलं न्हाई अजून."

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे वडिलांची बुलेट १९८६ ची आहे. यंदा तिची नोंदणी पुन्हा करायची. २०२१ ला शुल्क ३०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ते १००० झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमानं वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला २०००. हरित कर वेगळा. पैशाची तक्रार नाही माझी. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते हे मला मान्य आहे, उगाच भावनेला हात घालणार नाही. पण ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची साडेचार टक्क्यांची मर्यादा आहे, आणि माझी गाडी वस्तादांनी पॉइंट आणि कार्ब्युरेटर लावून दिल्यावर त्याच्या बरीच आत बसायची. शुल्क मात्र फक्त वय बघून वाढतं. लावलेली गाडी आणि न लावलेली गाडी, दोन्हींना एकच आकडा.

बरं, 'व्हिंटेज'चा नियमही आहे, २०२१ चा. पन्नास वर्षांवरची गाडी, 'व्हीए'ची वेगळी नंबरप्लेट, नवीन नोंदणीला २०,००० रुपये. ती रोज वापरायची नाही, रॅली-प्रदर्शनाला न्यायची. आणि अट काय, तर गाडी मूळ रूपात ठेवलेली हवी, इंजिनात-बॉडीत मोठा बदल नको. म्हणजे माझी बुलेट म्हातारी म्हणून जादा पैसे, आणि पुरेशी म्हातारी नाही म्हणून वारसा नाही! २०३६ ला ती पन्नासची होईल. तोवर दहा वर्षं ती मूळ रूपात ठेवायची कशानं? जी हत्यारं लागतात तीच किलोच्या भावानं निघालीत. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असा सल्ला मला तीन जणांनी दिला. सोपं आहे, मलाही मोह झाला.

आपल्या कोल्हापुरात फाउंड्र्या आहेत, लेथ आहेत, आयटीआय आहे. नवीन विटवर्थ पाने घडवणं इथं अवघड नाही. आयटीआयच्या मेकॅनिकच्या पोरांना वर्षातून दोन दिवस पॉइंटचं इंजिन उघडून दाखवलं तर कुणाचं बिघडणार आहे? गाडी मी देतो. वस्तादांच्या बरोबरीचे अजून दोघे-तिघे हयात आहेत. त्यांना खुर्ची आणि चहा द्यावा, बाकी ते बोलतील. असं काही करायचं असेल तर मी अर्ज लिहायला बसतो, सोबत सही करणारे हवेत.

आणि तो विटवर्थ सेट कुणाच्या नजरेला पडला, भंगारात किंवा जुन्या बाजारात, तर कळवा. पान्यांच्या दांड्यावर वस्तादांनी पंचनं तीन टिंबं मारलेली आहेत. किलोच्या भावानं नाही, मागाल त्या भावानं घेतो.