टाळ्या पडत होत्या तेव्हा मी आजारी होते

मी लोकांना सगळ्यात जास्त आवडत होते, त्याच काळात मी सगळ्यात जास्त आजारी होते. घोडबंदर रोडवरच्या एका बंगल्यात आमच्या मालिकेचं शूटिंग चालायचं आणि त्या घरातली मोठी सून मी होते. युनिटमध्ये माझ्याबद्दल एकच शब्द बोलला जायचा, तो म्हणजे एनर्जी. बारा-तेरा तासांच्या शिफ्टनंतर बाकीचे माना टाकायचे, तेव्हा मी स्पॉटदादांना अंताक्षरीला बसवायचे. चार पानांचा सीन एका वाचनात पाठ. डेली सोपमध्ये भागांची बँक कायम रिकामी असते. सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो. अशा ठिकाणी न थकणारी नटी मिळाली तर ती झोपते की नाही, हे कोण कशाला विचारेल?

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी पार खचले होते. दात घासायचंसुद्धा जिवावर यायचं. हातातली मालिका संपली होती, नवं काम नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना कारण आयतंच सापडलं. एका डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. मन किती खाली गेलंय याची त्यांनी बारकाईने चौकशी केली, पण कधी उगाचच खूप वर गेलं होतं का, हा प्रश्न आला नाही. वर जाणं हाही आजार असतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बायपोलर असलेल्या माणसाला नुसती नैराश्यावरची गोळी दिली तर मन थेट दुसऱ्या टोकाला उसळी मारू शकतं, हे पुढे कळलं. गोळ्यांनी मी उठले, ती थांबेचना.

दहीहंडी ते नवरात्र हा आम्हा मालिकावाल्यांचा सुगीचा काळ. मंडळाची आरती, सराफाच्या पेढीची फीत, महिला मंडळाचे खेळ. या हजेरीला आमच्यात सुपारी म्हणतात. त्या वर्षी मी एकही सुपारी सोडली नाही. कोल्हापुरात एका तालमीच्या गणपतीसमोर मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी पाऊण तास बोलले. शाहू महाराजांपासून सुरुवात करून पोरींच्या कुस्तीपर्यंत पोचले आणि बोलता बोलता तालमीला पाच लाखांची देणगी जाहीर करून टाकली. खात्यात एक लाखही नव्हते. आमच्याकडे केलेल्या कामाचे पैसे हातात पडायला तीन महिने लागतात. टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी हलगी वाजवली. परतताना गाडीत मी रात्रभर ड्रायव्हरला माझ्या स्वतःच्या सिनेमाची गोष्ट ऐकवत होते. पुढच्या सुट्टीला येवल्याला गेले आणि युनिटमधल्या प्रत्येक बाईसाठी क्रेडिट कार्डावर हातमागाची पैठणी घेतली.

आतून ते कसं असतं, हे सांगायचं तर आधी कबूल केलं पाहिजे की सुरुवातीला ते फार सुंदर असतं. रंग जास्त रंगीत दिसतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याचा अर्थ कळलेला असतो. मग विचार एकमेकांना ढकलायला लागतात, कुणी हळू बोललं तरी डोकं फिरतं. त्यानंतर जे येतं ते भयंकर. एका सीनमध्ये जाऊ मला म्हणते, 'तुला या घरातून घालवल्याशिवाय राहणार नाही.' दिग्दर्शकाने कट म्हटलं, तरी मी तिच्याशी भांडतच राहिले. ते वाक्य लेखकाने लिहिलेलं आहे हे माझ्या मेंदूला पटत नव्हतं. ती बाई मला खरोखर घालवणार, अशी माझी खात्री झाली होती. युनिट हसलं. दिग्दर्शक म्हणाला, "काय इम्प्रोव्हाइज केलंस! हे ठेवूया." तो टेक प्रसारित झाला आणि गाजलाही.

खरं काय चाललंय ते ओळखलं आमच्या हेअरड्रेसर मावशींनी. अंबाडा बांधताना माणसाची मान दहा मिनिटं त्यांच्या हातात असते. माझी मान स्थिर राहत नव्हती, आकडा लावायला जावं तर मी बोलत बोलत वळायचे. ड्रेसदादा दर आठवड्याला माझ्या ब्लाउजला आतून टिपा मारून तो घट्ट करतोय, हेही त्यांनी पाहिलं होतं. एके दिवशी आरशात बघत त्या म्हणाल्या, "ताई, रात्री अकराला मी तुमचा गजरा काढला. तीनला तुमचा मेसेज, चारला मेसेज, पाचला मेसेज. तुमचं मीटर वर गेलंय. झोपता कधी?" मी त्यांच्या अंगावर ओरडले. त्यांनी शांतपणे उरलेले आकडे लावले आणि जेवणाच्या सुट्टीत मिरजेला माझ्या आईला फोन केला.

आई महालक्ष्मी एक्स्प्रेसने आली. आल्या आल्या तिने मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली, कारण टीव्हीवर दिसणाऱ्या मुलीला नजर लागणारच, असं तिचं मत. मिरच्यांचा ठसका नेहमीसारखा आला. त्या रात्री मी दोनला उठून स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून पुन्हा भरायला बसले. सकाळी ती मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली आणि तिथून मी थेट रुग्णालयात भरती झाले.

युनिटला डेंग्यू सांगितला गेला. तरी कुजबुज झालीच. "हिची परवीन बाबी होणार," असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्यापर्यंत पोचलं. १९७६ मध्ये 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली ती नटी जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या घरात एकटीच गेली. आमच्या धंद्यात तिचं नाव आजही असं धाक दाखवायला वापरतात. तिला काय सोसावं लागलं असेल, याची चौकशी कुणी करत नाही.

मालिका काही थांबली नाही. माझ्या पात्राला अपघात होऊन ते कोमात गेलं. माझ्या अंगलोटाची एक मुलगी चेहऱ्यावर बँडेज बांधून पलंगावर झोपायची आणि सासू तिच्या उशाशी रडायची. पुढे विव्हियन लीबद्दल वाचताना मला हेच आठवलं. दोन ऑस्कर मिळवलेली ही नटी याच, बायपोलर आजाराने त्रस्त होती. १९५३ मध्ये 'एलिफंट वॉक'चं चित्रीकरण चालू असताना ती कोसळली आणि तिची भूमिका एलिझाबेथ टेलरला दिली गेली. पण लांबून घेतलेले काही शॉट्स तसेच राहिले. त्यामुळे त्या सिनेमात काही ठिकाणी दूरवर दिसते ती विव्हियन आणि जवळ आल्यावर दिसते ती एलिझाबेथ.

१९४९ मध्ये विव्हियन लंडनच्या रंगभूमीवर ब्लँश द्युबुआ ही भ्रमिष्ट होत जाणारी बाई साकारू लागली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, असा लेख प्रसिद्ध केला. ते औषध सर्रास वापरात यायला पुढे बरीच वर्षं गेली. विव्हियनच्या वाट्याला विजेचे झटके आले. ती १९६७ मध्ये क्षयाने गेली.

मी लिथियमवर आहे. ही गोळी घ्यायची म्हणजे रक्तातलं तिचं प्रमाण सांभाळायचं, लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोलच्या मध्ये. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, थायरॉइड आणि मूत्रपिंडही तपासत राहायचं. मीठ अचानक बंद केलं किंवा अंगातलं पाणी कमी झालं, तर हे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. आणि आमच्याकडे तर फोटोशूटच्या आधी मीठ-पाणी तोडून चेहरा कोरीव करायची रीतच आहे. नवरात्राच्या नऊ रंगांच्या फोटोंसाठी मी आता पोटभर जेवून उभी राहते. गालांवर थोडी सूज असते. हात बारीक थरथरतो, म्हणून सीनमध्ये चहाचा कप बशीसकट उचलायचं मी टाळते.

गोळी घेणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते टाळ्यांशी भांडणं. डायबेटिस झालेल्याला कुणी येऊन म्हणत नाही की तुमची साखर चारशे होती तेव्हा तुम्ही काय छान दिसायचात! मला मात्र हे रोज ऐकावं लागलं. परत कामाला लागले तेव्हा एका निर्मात्याने तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमच्यातला तो स्पार्क दिसत नाही." त्याचं खरं होतं. तो स्पार्क बघताना त्याला क्रेडिट कार्डाची बिलं दिसली नव्हती. त्या तालमीच्या कार्यकर्त्यांना आईने फोन करून हात जोडले होते, तेही त्याला दिसलं नव्हतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने एक सोय करून ठेवली आहे. आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे आपण शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. मी ते लिहून ठेवलं आहे. माझ्या वतीने आई बोलेल. शिवाय आमचा घरगुती करार वेगळा आहे. सलग दोन रात्री झोप चार तासांच्या आत आली, तर कार्डं आणि फोन आईकडे. मावशींना मीटर वर दिसलं, तर त्यांनी मला न विचारता आईला कळवायचं. कामाच्या करारात मी रात्री दहाला पॅकअपची अट घालते. त्यापायी दोन चांगल्या भूमिका गेल्या. आता आईच्या भूमिका मिळतात, प्रायोगिक नाटक करते, घर चालतं.

या आजाराने माझं एक नुकसान केलं, त्याला औषध नाही. आनंद झाला की मला आधी संशय येतो. परवा दीनानाथ नाट्यगृहात आमच्या नाटकाचा प्रयोग फार रंगला. शेवटी लोक उभे राहिले, आत येऊन एका आजोबांनी डोक्यावर हात ठेवला. टॅक्सीत छाती धडधडत होती आणि मी घाबरून स्वतःला तपासत होते की हा नाटकाचा आनंद आहे की पुन्हा तेच. आईने गरम वरणभात वाढला. साडेअकराला आडवी झाले. सकाळी जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते आणि आई दारातून ओरडत होती, "अगं ऊठ, तालमीला उशीर होईल!" सात तास झोप झाली होती. म्हणजे आदल्या रात्री मला नुसता आनंदच झाला होता.