रिकाम्या हातांनी परतताना

वसईच्या वाडीत वाढलेला माणूस अमेरिकेच्या रानात बंदूक घेऊन बसेल, असे भाकीत कोणी वर्तविले असते, तर आम्ही मनमुराद हसलो असतो. या नादाला आम्हांला लावले ते मिझुरीतील आमच्या शेजारच्या आजोबांनी. ओझार्कच्या डोंगरांत त्यांनी कितीतरी वसंत टर्कीच्या मागे घालविलेले. 2024 साली मात्र गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा त्यांनी आपली जुनी लाकडी पेटी आमच्या हाती ठेवली व म्हणाले, "यंदाचा पक्षी तुम्ही आणा. मला एकदा त्याची चव घेऊ द्या."

ही पेटी म्हणजे हातात मावणारे अरुंद खोके. झाकणाला खडू लावून ते कडेवर घासले की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांना ती विद्या लवकर साधली. घरात ते दिवसाकाठी जेमतेम चार शब्द बोलत. रानात तरी बोलणे होईल, अशी आमची छुपी आशा होती. दोघांनीही प्रशिक्षण पुरे करून परवाने काढले.

टर्की हा मूळचा अमेरिकेचाच पक्षी. 1612 साली मुकर्रबखानाने तो गोव्याहून जहांगीर बादशहाकडे नेला आणि मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. मिझुरीत मात्र तो एके काळी इतका विरळ झाला की 1937 साली शिकारच बंद करावी लागली. रानात जाळ्यांनी धरलेले पक्षी ओस पडलेल्या भागांत सोडून त्यांची संख्या वाढविली गेली, तेव्हा कोठे 1960 साली वसंतातील शिकार पुन्हा सुरू झाली.

हंगाम तीन आठवड्यांचा. सार्वजनिक रानात वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून दुपारी एकपर्यंत. 15 एप्रिलला आम्ही अंधारातच ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. दूरवर घुबड घुमले आणि त्यासरशी झाडावरच्या नराने असा काही गडगडाट केला की आमच्या छातीत धडधडू लागले. चिरंजीवांनी पेटी वाजविली. त्याने साद दिली. एकदा नव्हे, तीनदा! मग पंखांची फडफड ऐकू आली. नर खाली उतरला आणि आपल्या माद्यांसह टेकडीपलीकडे निघून गेला. एक वाजेपर्यंत रान मुके होते.

परतताना आम्ही चिरंजीवांना बोल लावला, "तुम्ही पेटी फार वाजविलीत." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पावसाने झोडपले. गाडीत आम्ही दोघे ओल्या कपड्यांनी, शब्दही न बोलता बसलो होतो.

तिसऱ्या पहाटे नर खरोखरच आला. पिसारा फुलवून, साठ पावलांवर. आणखी वीस पावले, की नेम धरता आला असता. नेमकी त्याच क्षणी आमच्या मानेवर गोचीड चढली. हात नकळत वर गेला. टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण; क्षणात पिसारा मिटला आणि समोर नुसती पानगळ उरली.

यावेळी दोष कोणाचा, हे सांगायला कोणी नको होते. "परवा आम्ही तुम्हांला उगाच बोललो," आम्ही कसेबसे म्हणालो. मुलाची क्षमा मागण्याचा सराव आम्हांला नव्हता. चिरंजीव क्षणभर पाहत राहिले, मग खदखदून हसले. "पप्पा, गोचीड जिंकली!" त्या दिवशी घर येईपर्यंत त्यांची बडबड थांबली नाही.

आठवडा संपला तरी हात रिकामेच. आजोबांसमोर जाण्याचा संकोच वाटत होता. त्यांनी सारे शांतपणे ऐकले. म्हणाले, "मुलाने पेटी ठीकच वाजविली. एरवी मादी नराकडे जाते. आपण नराला मादीकडे बोलावतो, म्हणजे सृष्टीची रीत उलटी करू पाहतो. शिवाय हंगामाच्या आरंभी माद्या त्याच्याभोवतीच असतात; त्यांना सोडून तो तुमच्याकडे का येईल? त्या अंड्यांवर बसू लागल्या की तो एकटा पडेल. तोवर धीर धरा."

आम्ही मनाशी वरमलो. पक्ष्याचा स्वभाव समजून न घेता मुलाला दोषी ठरवून मोकळे झालो होतो. आणि मुलाचा स्वभाव तरी कितीसा समजून घेतला होता? त्याने बोलावे म्हणून आम्ही त्याला रानात नेले आणि पहिल्याच दिवशी त्याचे तोंड बंद केले.

आजोबांच्या ताटात अजून काही पडले नव्हते. दोन आठवडे उरले होते. त्या रात्री दिवा मालवायला गेलो, तर चिरंजीवांनी न सांगता पहाटे चारचा गजर लावून ठेवला होता. पेटी उशाशी होती, झाकणाला नवा खडू लावलेला.