नळीच्या आतली भिंत

12 मे 2024, रविवार. करोंद

कूलरची टाकी धुतली. आठ दिवसांपूर्वी त्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. पाणी नितळ दिसत होतं, वासही गेला होता. आज हात घातला तर भिंतीला तोच बुळबुळीत थर. काथ्याने खसाखसा घासला तेव्हा कुठे प्लास्टिक बोटाला लागलं. रस्त्यावरून मंडीकडे गव्हाचे ट्रॅक्टर चालले होते, सगळी धूळ पुन्हा ओल्या हातांवर.

मावशी ओट्यावर बसून बघत होती. गळ्याखाली गॉज, त्यातून डायलिसिसच्या नळीची दोन टोकं बाहेर आलेली. डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला अजून तयार झाला नाही, म्हणून तीन महिने या नळीवरच चाललंय. म्हणाली, "काल पुन्हा हुडहुडी भरली गं. मशीन लावून तासही झाला नव्हता. घरी आले की काही नाही."

मशीन लावल्यावरच थंडी वाजते, हे ऐकून माझं टाकीतलं लक्ष उडालं.

14 मे, मंगळवार

डायलिसिसच्या आधी रक्त घेतलं. एक बाटली नळीतून, एक उजव्या दंडाच्या शिरेतून. दोन्हींत सारखंच रक्त, दोन्ही एकाच वेळी आमच्या लॅबच्या, जंतू वाढवून बघणाऱ्या मशीनमध्ये. शिरेवरची कातडी पुसून पूर्ण वाळू दिली. तिथे घाई केली तर कातडीवरचा जंतू बाटलीत उतरतो आणि मग कोण कुठून आला हे कळत नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका दवाखान्यात तिची एकच बाटली लावली होती. रिपोर्टवर 'कातडीवरचा जंतू, भेसळ असावी' एवढाच शेरा. पाच दिवस इंजेक्शन, ताप गेला, आठवड्याने परत आला. तो शेरा वाचून मला फार वाईट वाटलं होतं. भेसळ असूही शकते, पण अंगात नळी असलेल्या माणसाबद्दल तो शब्द लिहिण्याआधी निदान दुसरी बाटली लावायची.

15 मे, बुधवार

नळीच्या बाटलीत जंतू वाढल्याचा इशारा मशीनने 14 तासांत दिला. दंडाच्या बाटलीचा 17 तासांनी. दोन तासांपेक्षा जास्त फरक पडला की जंतूंचं घर नळीत आहे असं धरतात, कारण तिथल्या रक्तात ते जास्त संख्येने असतात.

स्लाइडवर जांभळे गोल दाणे, द्राक्षांच्या घोसासारखे. ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यविशारदाने त्यावरूनच 'स्टॅफिलोकोकस' हे नाव दिलं, ग्रीकमध्ये 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घोस.

16 मे, गुरुवार

प्लेटवर छोट्या पांढऱ्या वसाहती. कोॲग्युलेजच्या नळीत प्लाझ्मा गोठला नाही. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या कातडीवर जन्मभर असणारा. तिथे तो कुणाचं वाईट करत नाही, उलट जागा अडवून वाईटांना दूर ठेवतो.

प्लास्टिक मिळालं की त्याचं वागणं बदलतं. शिरेत नळी गेली की रक्तातली प्रथिनं तिच्यावर बसतात, हा त्यांना चिकटतो, वाढतो, एकावर एक थर चढवतो आणि साखरेच्या साखळ्यांचा चिकट लगदा सोडून स्वतःला लिंपून घेतो. तळाचे जंतू जवळजवळ झोपेत असतात. वाढणाऱ्या जंतूला मारणारं औषध त्यांचं फार काही करू शकत नाही. मशीन सुरू झालं, रक्ताचा झोत आला की वरचे काही सुटून अंगभर जातात. मावशीची हुडहुडी ती हीच.

रिपोर्टमध्ये व्हॅन्कोमायसिन या औषधापुढे 'एस' आलाय, म्हणजे जंतूला ते लागू पडतं. तो खोटा नाही, पण आम्ही ती चाचणी मोकळ्या तरंगणाऱ्या जंतूंवर करतो. थरातल्या जंतूंना कित्येकदा शेकडो पट जास्त मात्रा लागते, आणि तेवढं औषध माणसाला देता येत नाही. 'एस' बघून सगळे निर्धास्त होतात, म्हणून डॉक्टरांना फोन करून हे बोलले.

संध्याकाळी एका काचनळीत तो वाढत ठेवला.

17 मे, शुक्रवार

काचनळी ओतून टाकली, धुतली, जांभळा रंग घातला, पुन्हा धुतली. काचेच्या आतल्या भिंतीला जांभळा पापुद्रा तसाच धरून. क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये अशाच साध्या नळीत नळी-संसर्गाचे जंतू तपासले होते. मी ती खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले. कूलरच्या टाकीची भिंतच.

18 मे, शनिवार

डॉक्टर नळी काढायची म्हणाले. मावशीचा चेहरा उतरला. "माझ्याच अंगावरचा जंतू म्हणतेस. मग मी काय अंघोळ करत नाही का?"

"मावशी, तो धुऊन जाणारा नाही. माझ्याही हातावर आहे, डॉक्टरांच्याही. तुझी चूक काही नाही."

ती गप्प राहिली. नंतर माझा हात उलटा करून बघितला तिने, खरंच काही दिसतंय का म्हणून.

डायलिसिस झाल्यावर नळी काढली. टोकाचा पाच सेंटिमीटर तुकडा आगारच्या प्लेटवर लोळवला. मंगळवारपर्यंत तिला नळीशिवाय ठेवणार.

20 मे, सोमवार

तुकडा प्लेटवर लोळवून बघायची ही माकी यांची 1977 ची पद्धत: 15 किंवा जास्त वसाहती आल्या तर नळीत ठाण धरलंय असं मानायचं. मी शंभरानंतर मोजणं सोडलं.

परतताना बायपासवरून आले, भोपाळ मेमोरियलपाशी रिक्षांची रांग होती. गॅसपीडितांसाठी उभारलेलं हे रुग्णालय. 1984 च्या वायुगळतीपासून आजार अंगावर वागवणारी माणसं या भागात घरोघर आहेत. लांबत जाणाऱ्या आजारांत नळ्या अंगात दिवसच्या दिवस राहतात, म्हणून नळ्यांची गोष्ट इथे सगळ्यांना कळायला हवी असं मला फार वाटतं.

25 मे, शनिवार

मंगळवारी दुसऱ्या बाजूने नवी नळी बसली. आज तिसरं डायलिसिस. सिस्टरने टोपण काढून नळीचं तोंड स्पिरिटने घासायला घेतलं आणि मावशी मोठ्याने मोजायला लागली. सिस्टर दहावर थांबायला लागली तर म्हणाली, "दीदी, पंद्रह तक." सिस्टर हसली, पुढे घासत राहिली. अकरा, बारा, तेरा.

चार तासांत एकदाही पांघरूण मागितलं नाही.