बिनतारी वाट कोठे अडली?

आमचे बुऱ्हाणपूर हे न दिसणाऱ्या पाण्यावर जगलेले गाव आहे. परगावचा पाहुणा आला की आम्ही त्यास असीरगडाच्या आधी कुंडी भंडाऱ्याकडे नेतो, ते याच अभिमानापोटी. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या राजवटीत अब्दुर्रहीम खानखाना येथे असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भुयारांतून गावापर्यंत आणण्याची योजना उभी राहिली. तिच्यात पंप नाही, मोट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी पुढे सरकते. वरून चालणाऱ्यास दिसतात त्या फक्त ओळीने बांधलेल्या कुंड्या, म्हणजे भुयारापर्यंत उतरणारी विहिरीसारखी विवरे. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. मध्ये कोठे प्रवाह मंदावला, तर कोणत्या कुंडीपर्यंत पाणी येते आहे आणि कोणत्या कुंडीपासून येत नाही, एवढे पाहिले की अडथळ्याची जागा हाती लागते. सारे भुयार खणून काढावे लागत नाही.

आमच्या बुधवाऱ्यातील घरांत अलीकडे आणखी एक न दिसणारा प्रवाह येऊन पोचला आहे. त्यास लहानथोर सारेच वायफाय म्हणतात. शब्द नवा असला तरी वस्तू अगदीच परकी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युत्‌लहरी भिंतींतून पार करून पलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. या वायफायचा पहिला तांत्रिक नियम १९९७ साली ठरला आणि त्यास हे सुटसुटीत नाव मिळाले ते १९९९ साली. मात्र आमच्या जुन्या घरांच्या भिंती बोसांच्या प्रयोगाइतक्या उदार नाहीत. ओसरीवर बसविलेल्या राउटरच्या लहरी माजघरापर्यंत येता येता निम्म्या विरतात, आणि देवघरात तर कित्येकदा पोचतच नाहीत.

एवढी तडजोड आम्ही सर्वांनी मुकाट्याने स्वीकारली आहे. खरी तारांबळ उडते ती निराळ्याच दिवशी. रात्री मोबाईल उशाशी चार्जिंगला लावून झोपावे, सकाळी उठून पाहावे तो त्याने आपल्या मनानेच नवे सॉफ्टवेअर घेतलेले असते. चिन्हांचे रंग बदललेले असतात, आणि काल रात्रीपर्यंत बिनतक्रार चालणारे वायफाय जोडले जात नाही. तरुण मंडळी चार शिव्या हासडून कामाला लागतात. वडीलधाऱ्यांचे मात्र तसे होत नाही. त्यांच्या तोंडी पहिले वाक्य येते ते हेच, की “माझ्याच हातून काहीतरी दाबले गेले असेल.” हे वाक्य आम्ही आमच्या गल्लीत इतक्या वेळा ऐकले आहे, की या लेखाचे निमित्त तेच झाले.

वाचकहो, ही समजूत प्रथम मनातून काढून टाकावी. अपडेटनंतर जोडणी तुटणे हा प्रकार जगातील मोठमोठ्या कंपन्यांच्या अंगणातही घडलेला आहे. १९ सप्टेंबर २०१२ रोजी ॲपल कंपनीने आयफोन व आयपॅडसाठी आयओएस ६ हे सॉफ्टवेअर दिले. ते घेतल्यावर असंख्य लोकांचे वायफाय चालेना. कारण पाहू गेल्यास मजेशीर होते. वायफायशी जोडले जाताच फोन कंपनीच्या संकेतस्थळावरील एक लहानसे पान मागवून पाहतो. ते मिळाले, की बाहेरची वाट मोकळी आहे असे तो समजतो. त्या दिवशी ते पानच जागेवर नव्हते! बिचाऱ्या फोनांनी वाट बंद आहे असा निष्कर्ष काढला. लोक घरोघरी राउटर बंद-चालू करीत बसले होते आणि दोष हजारो कोसांवर होता. पुढे २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच कंपनीचे ८.०.१ हे अपडेट घेतलेल्या अनेक नव्या आयफोनांवरील मोबाईल सेवाच बंद पडली. ते त्याच दिवशी मागे घ्यावे लागले आणि लागलीच दुरुस्त केलेले दुसरे पाठवावे लागले. जेथे अशा धुरंधरांची ही गत, तेथे आमच्या काकू-मावश्यांनी स्वतःस दोष का द्यावा?

मग अपडेटने नेमके बिघडते काय? फोन आणि राउटर यांच्यात एक मूक करार असतो. तू कोण, तुझा परवलीचा शब्द काय, कोणत्या भाषेत बोलायचे, हे त्यांनी पूर्वी ठरवून ठेवलेले असते. अपडेटने एका पक्षाच्या सवयी बदलतात, आणि दुसरा पक्ष जुन्याच सवयीने उत्तर देत राहतो. दोघेही धडधाकट असतात. केवळ त्यांची एकमेकांशी ओळख पटत नाही. म्हणून अशा वेळी ‘बिघडले’ असे म्हणण्यापेक्षा ‘कोठे अडले’ असे विचारावे. आणि येथे आमच्या कुंडी भंडाऱ्याची रीत उपयोगी पडते.

पहिली कुंडी अशी, की त्याच घरातील दुसऱ्या फोनवर वायफाय चालते काय ते पाहावे. कोणाच्याच फोनवर चालत नसेल तर अपडेटला बोल लावण्यात अर्थ नाही. राउटर किंवा बाहेरून येणारी तार तपासावी. राउटर बंद करून मिनिटभर थांबावे, पुन्हा लावावा आणि त्यास सावध होण्यास दोन-तीन मिनिटे द्यावीत. दुसरी कुंडी अशी, की आपल्या फोनवर वायफायचे नाव दिसते काय ते पाहावे. दिसतच नसेल, तर राउटरजवळ जाऊन पाहावे. पुष्कळ राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर जाड भिंतींतून बऱ्यापैकी पार होते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर हार खाते. तिसरी कुंडी अशी, की फोन जोडलेला दिसतो पण काहीच उघडत नाही, असे तर नाही ना? तसे असल्यास फोनवरील तारीख व वेळ पाहावी, कारण ती चुकलेली असली की फोन पुष्कळशा संकेतस्थळांवर विश्वास ठेवीत नाही. व्हीपीएन नावाची सोय चालू असल्यास ती बंद करून पाहावी. या साऱ्याआधी फोन एकदा बंद करून सुरू करावा, हे सांगणे न लगे. आणि एका वेळी एकच बदल करावा. दहा गोष्टी एकदम फिरविल्या, तर गुण कशाने आला आणि अवगुण कशाने वाढला, याचा पत्ताच लागत नाही.

याचे एक उदाहरण आमच्या शेजारच्या वाड्यात घडले. तेथील काकू एकट्या राहतात. काका जाऊन तीन वर्षे झाली. लेक परदेशी, दर रविवारी सकाळी ती नातवाला फोनपुढे बसविते आणि काकू त्याला मराठीतून गोष्ट सांगतात. त्या मुलाच्या कानी मराठी पडण्याचा आठवड्यातील तो जवळजवळ एकच तास. वाड्याच्या आतल्या भागात मोबाईलची रेंज नीट येत नाही, म्हणून सारी भिस्त वायफायवर. अपडेट झाले आणि तो रविवार मुका गेला. गल्लीतील एका हौशी मुलाने येऊन ‘फरगेट’ म्हणून ते वायफाय फोनच्या स्मरणातून पुसले आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडू पाहिले. पासवर्ड अक्षरशः बरोबर. तरीही फोन आत येईना. काकू एका दुकानात गेल्या. तेथे त्यांस सांगण्यात आले, की फोन पूर्ण साफ करावा लागेल, त्यातले सारे जाईल, पण फोन नवा होईल.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न वायफायचा नव्हताच. त्यांनी विचारले, “साफ केला म्हणजे ह्यांचा आवाजही जाईल का हो?” काकांनी शेवटच्या चातुर्मासात संध्याकाळी म्हटलेल्या स्तोत्रांची ध्वनिमुद्रणे त्या फोनमध्ये होती, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. आम्ही त्यांस म्हटले, “काकू, आवाज आधी सुरक्षित ठेवू, मग वायफायचे पाहू.” त्याप्रमाणे प्रथम ती मुद्रणे तारेने संगणकावर उतरवून घेतली. मग कुंड्या तपासल्या. घरातील दूरदर्शन संच वायफायवर व्यवस्थित चालत होता. म्हणजे राउटर व तार ठीक. काकूंचा फोन आमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर तत्काळ जोडला गेला. म्हणजे फोनही ठीक. अडथळा दोघांच्या ओळखीत होता, एवढे निश्चित झाले.

राउटर त्यांच्या पुतण्याने बसविला होता. त्यास दूरध्वनी करताच उलगडा झाला. सुरक्षिततेसाठी त्याने राउटरमध्ये घरातील उपकरणांची यादी घालून ठेवली होती. यादीबाहेरच्यास प्रवेश नाही. प्रत्येक उपकरणास मॅक नावाचा एक ओळखक्रमांक असतो, त्यावरून राउटर त्यास ओळखतो. परंतु लोकांच्या हालचालींवर या क्रमांकावरून पाळत ठेवता येते, म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा क्रमांक झाकून वायफायपुढे मुद्दाम बनविलेला क्रमांक सांगू लागले. अँड्रॉइडमध्ये पूर्वीपासून साठविलेल्या जोडणीस बहुधा जुनाच क्रमांक चालू राहतो. पुसून पुन्हा जोडले की नवा लागू होतो. काकूंच्या फोनने तेच केले होते. पासवर्ड बरोबर, पण दारावरच्या यादीत नाव नाही! त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन फोनचा मूळ मॅक वापरावा असे निवडताच जोडणी क्षणात झाली. पुसण्याची गरज मुळात नव्हतीच.

‘साफ करणे’ या शब्दाचे अर्थ येथे नीट समजून घ्यावेत. ‘रीसेट’ या एकाच शीर्षकाखाली फोनमध्ये निरनिराळ्या गोष्टी असतात. नेटवर्क सेटिंग रीसेट केल्यास साठविलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात. छायाचित्रे, आवाज, पत्रे यांस धक्का लागत नाही. फॅक्टरी रीसेट केल्यास फोनमधील सारेच जाते. पहिला उपाय बरेच काही करून थकल्यावर करावा. दुसरा प्रत घेतल्यावाचून कधीही करू नये, कोणी कितीही घाई केली तरी.

मग अपडेट घेणेच बंद करावे काय, असे कोणी विचारील. तो उपाय रोगाहून वाईट ठरेल. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवून दिले, की जगभरातील वायफायचे रक्षण करणाऱ्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीतच एक भगदाड आहे. ते बुजविण्याचा मार्ग अपडेट हाच होता. तेव्हा अपडेट घ्यावे. पण लेकीचा फोन येण्याच्या किंवा निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला भरण्याच्या आदल्या रात्री घेऊ नये, सवडीच्या दिवशी घ्यावे. घरच्या हिशेबाच्या वहीत वायफायचे नाव, पासवर्ड आणि राउटर कोणी बसविला त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. जपण्यासारखे आवाज आणि छायाचित्रे यांची एक प्रत फोनबाहेर असावी. आणि कोणी अनोळखी मनुष्य फोनवरून “मी दुरुस्त करून देतो, आलेला ओटीपी सांगा” म्हणू लागला, तर फोन खाली ठेवावा. फसवणूक झालीच तर १९३० हा शासनाचा मदत क्रमांक आहे.

एक विनंती मात्र घरातील तरुणांस करावीशी वाटते. आजीचा फोन अडला की तो तिच्या हातातून घेऊन, चार ठिकाणी बोटे फिरवून, “घे, झाला” म्हणून परत देण्याची आपली रीत आहे. त्यात प्रेम असते, पण पुढच्या अपडेटला आजी पुन्हा तितकीच असहाय राहते. फोन तिच्याच हाती ठेवावा, शेजारी बसावे आणि बोट तिचेच फिरू द्यावे. वेळ चौपट लागेल, एखादे बटण चुकीचेही दाबले जाईल, हरकत नाही. काकूंनी त्या दिवशी मूळ मॅकची ती निवड स्वतःच्या बोटाने केली आणि पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या. पुढल्या महिन्यात पलीकडच्या आळीतील एक आजी तीच तक्रार घेऊन आल्या, तेव्हा काकूंनी वही उघडली आणि प्रथम विचारले, “घरातल्या दुसऱ्या फोनवर चालतंय का?”