तीन मिनिटांची ओळख

अमेरिकेत शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या काही मुलामुलींच्या गुणपत्रिकेबरोबर आणखी एक वस्तू पुढे जाते. ती म्हणजे तीन-चार मिनिटांची एक चित्रफीत. तिच्यात ना कथा असते, ना गाणे. एखादी मुलगी व्हॉलीबॉल खेळताना दिसते, एवढेच. परंतु त्या तीन मिनिटांवर तिचे पुढील चार वर्षांचे शिक्षण, आणि कधी कधी त्या शिक्षणाचा खर्चही, अवलंबून असू शकतो.

व्हॉलीबॉलचा जन्मच मुळी अमेरिकेतला. १८९५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने तो रचला. बास्केटबॉलमधील धक्काबुक्की ज्यांना सोसवत नाही अशा प्रौढ गृहस्थांसाठी त्याने हा सौम्य खेळ योजिला होता. आजचे फटके पाहून त्याला सौम्य म्हणण्यास कोणी धजणार नाही! पुढे १९७२ साली तेथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असे त्याने ठरविले, आणि महाविद्यालयांत मुलींचे संघ वाढू लागले. ते किती वाढले, याची कल्पना एका सामन्यावरून येईल. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा खेळ पाहण्यासाठी लिंकन शहरी ९२,००३ माणसे जमली होती. अशा संघांत निवड होणाऱ्या मुलींना पुष्कळ महाविद्यालये शिष्यवृत्ती देतात.

पण निवड करावयाची कशी? देश अवाढव्य. कॅन्ससमधल्या एखाद्या लहान गावच्या शाळेत कोण मुलगी चांगली खेळते, हे दूरच्या प्रशिक्षकांना कळावे तरी कसे? पूर्वी खेळाडू चित्रफितींच्या पेट्या टपालाने पाठवीत. आता संगणकावरून क्षणार्धात पाठवितात. वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयांना एक बंधनही आहे. दहावीच्या वर्षानंतरचा १५ जून उजाडेपर्यंत त्यांच्या प्रशिक्षकांनी मुलीशी निवडीविषयी बोलावयाचे नाही. पाहण्यास मात्र मनाई नाही. तेव्हा तोवर मुलीच्या वतीने जे काही बोलावयाचे ते ही चित्रफीतच बोलते.

ती तयार करण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. पहिली अडचण घरातूनच येते. आईबाप कौतुकाने कॅमेरा लेकीच्या मुखावर रोखून बसतात. तिने चेंडू मारला की त्यांचा हात हलतो, चित्र थरथरते, आणि वर ‘शाब्बास!’ अशी आरोळीही त्यात उमटते. प्रशिक्षकांना मुखाशी काय कर्तव्य? अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद असे सगळे मैदान त्यांना दिसावयास हवे; चेंडू येण्यापूर्वी मुलगी कोठे उभी होती आणि किती पावले सरकली, हे पाहावयाचे असते. म्हणून कॅमेरा मैदानाच्या मागल्या रेषेपलीकडे, उंचावर, तिकाटण्यावर स्थिर ठेवावा लागतो. मायेने काढलेले चित्र आणि उपयोगी पडणारे चित्र यांत असे अंतर पडते.

मग निवडानिवड. तासन्‌तासांच्या खेळातून थोडे क्षण वेचावयाचे. आरंभी नाव, उंची, सदऱ्यावरचा क्रमांक, खेळण्याची जागा आणि शाळा सोडण्याचे वर्ष. सहा जणींत आपली मुलगी कोणती, हे प्रत्येक वेळी लहानशा बाणाने दाखवावयाचे. उत्तम खेळ आधी घालावयाचा, कारण पुढे कामाचा ढीग असलेले प्रशिक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटात कंटाळले तर उरलेले कोण पाहणार? काही मुले ढणढणाटी संगीत आणि संथ गतीची दृश्ये घालून फीत सजवितात. पदार्थ चांगला असला म्हणजे त्यावर इतका वर्ख लागत नाही.

जाळ्याजवळ उडी घेऊन चेंडू खाली आदळणाऱ्या मुलीची फीत चटकन जमते. तिचा प्रत्येक फटका म्हणजे एक गुण आणि टाळ्यांचा कडकडाट. खरी पंचाईत होते ती ‘लिबेरो’ची. हे स्थान आंतरराष्ट्रीय खेळात १९९८ साली रूढ झाले आणि अमेरिकन महाविद्यालयांत २००२ साली आले. लिबेरोचा सदरा इतरांहून वेगळ्या रंगाचा असतो. तिने मागल्या रांगेतच खेळावयाचे. जाळ्याच्या वर असलेला चेंडू पलीकडे मारावयाचा नाही. तिचे काम एकच : चेंडू भुईला लागू द्यावयाचा नाही. तिने तो उचलावा, दुसरीने सजवून द्यावा, तिसरीने मारावा, आणि टाळ्या तिसरीला मिळाव्यात. चेंडू पडला नाही, ही गोष्ट चित्रात दाखवावयाची कशी?

अशी एखादी मुलगी रात्री संगणकापुढे बसलेली डोळ्यांसमोर आणा. तिच्यापुढे एक दृश्य आहे. तिने त्यात तीनदा अंग झोकून चेंडू उचलला. एकदा तर तळहात जमिनीवर पसरून, त्याच्या पाठीवर तो झेपावून घेतला. चौथ्या वेळी जाळ्याजवळच्या मैत्रिणीचा फटका बाहेर गेला आणि गुण हरला. हे दृश्य ठेवावे की गाळावे? हरलेला गुण कोण दाखवितो? तथापि ठेवण्यातच शहाणपण आहे. गुण कोणाला मिळाला हे जाणत्या प्रशिक्षकांना गौण असते. दुसऱ्यांदा पडलेली मुलगी तिसऱ्या चेंडूसाठी किती लवकर उठली, हे ते मोजीत असतात.

निवडक क्षणांची फीत खोटी नसते, पण ती पूर्ण खरीही नसते. सुपातून पाखडून घेतलेले तेवढेच दाणे तिच्यात आलेले असतात. हे प्रशिक्षक पुरते ओळखून असतात. म्हणूनच मुलगी मनास आली, तर त्यांचे पुढले मागणे बहुधा ठरलेले असते : काटछाट न केलेला एक सबंध सामना पाठवा.

मग तो सामना सुरू होतो. बाण नाही, वेचलेले क्षण नाहीत. समोरून जोराची सर्व्हिस येते, चेंडू मुलीच्या हातावरून निसटून दूर जाऊन पडतो, पलीकडच्या बाजूला आनंदाचा गलका होतो. प्रशिक्षकांची नजर चेंडूवर नसते. मुलगी जमिनीवरून उठते, शेजारणीच्या हातावर टाळी देते, दोन पावले मागे सरते, आणि गुडघे वाकवून पुढच्या सर्व्हिसकडे पाहू लागते.